नावं गेलेली भांडी

एका जंगलात, मुलांनो, जिथं वीज येते पण मुक्कामाला थांबत नाही अशा जंगलात, खवलोजी नावाचं एक खवले मांजर राहत होतं. खवलोजी स्वभावानं गरीब, पण हाताला चैन म्हणून नाही. एकदा तो शहराकडं गेला आणि वाळू मारायचं मशीन घेऊन आला. हवेच्या जोरानं वाळू उडवायची, की गंज, काजळी, जुना रंग, सगळं साफ. कशाला हवं होतं, असं विचारू नका. शहरातून येताना असं कुणी विचारत नाही.

बायको सरूबाईनं बिळामागची पडवी दिली. तिथली लाकडं चुलीपाशी आली. पडवीत कॉम्प्रेसर बसला, त्याला नळी, नळीला बंदूक. शेजारी काचेच्या झाकणाची पत्र्याची पेटी, तिच्यात हात घालायला दोन रबरी मोजे. खवलोजीनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, तोंडाला फडकं बांधलं आणि बटण दाबलं. बंदूक फुसफुसली. बाहेर काही येईना. नदीची वाळू ओली होती.

मग अंगणात पापडांशेजारी वाळू वाळत पडली. ती चाळायला सरूबाईची पिठाची चाळण गेली. भाकरी कचकचायला लागली तेव्हा सरूबाई म्हणाली, "आता कालवणाला सिमेंट तेवढं आणा."

अखेर मशीन चाललं. इतकं चाललं की शेजारची पिलं दुपारची झोपेनात. सरपंच लांडगेआप्पा तावातावानं आले.

"खवलोजी, जंगलाला याचा काही उपयोग दाखव. नाहीतर हे धूड डोहात जाईल."

खवलोजीला अन्न गोड लागेना. उभ्या जन्मात त्यानं हौसेची एवढी एकच गोष्ट केली होती.

तेवढ्यात तरसबाईच्या मुलीचं लग्न निघालं. या जंगलात लग्नाची भांडी घरोघरून गोळा करायची पद्धत होती. हंडे, पराती, तपेली. परत देताना घोळ नको म्हणून प्रत्येकावर नाव कोरलेलं. सरूबाईनं आपली पितळी घागर दिली. तिच्यावर तिच्या आईचं नाव होतं. आई कधीच गेली होती. त्या नावावरून हात फिरवल्याशिवाय सरूबाई पाणी भरत नसे.

लग्न थाटात झालं. चुलवणावर भांडी काळीठिक्कर पडली. बायका राख घेऊन बसणार, एवढ्यात खवलोजी पुढं झाला.

"घासू नका. सगळी माझ्या पडवीत आणा."

"नावाला जपा हं," सरूबाई म्हणाली.

"जपणारच की. नावासाठीच तर चाललंय," खवलोजी म्हणाला. त्याला वाटलं, ती त्याच्या नावलौकिकाचं बोलतेय.

काचेवर धूळ बसली होती, आतलं धड दिसत नव्हतं. एका परातीवर काही रेघा निघेनात. मळ मुरलेला दिसतोय, असं म्हणून त्यानं आणखी जोरात वाळू मारली. मग घागर घेतली. संध्याकाळी अंगणात भांड्यांची रास लागली. एकेक भांडं कसं कोरं करकरीत. कुणाचं कोणतं, ते मात्र ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

जंगल जमलं. तरसबाईनं कपाळाला हात लावला. "टाका ते मशीन डोहात, आणि यालाही टाका," माकडं म्हणाली.

लांडगेआप्पांनी एक हंडा उलटापालटा करून पाहिला.

"सगळ्यांची नावं गेली?"

"सगळ्यांची," खवलोजी म्हणाला.

"माझ्या घरून आलेल्या भांड्यांवरचीसुद्धा?"

"सुद्धा."

आप्पांनी हंडा पोटाशी धरला. कोल्हा राशीजवळ सरकला. माकडंही डोहाचं विसरली. शेजाऱ्याकडून आणलेलं आणि परत द्यायचं राहून गेलेलं भांडं कुणाच्या घरात नसतं, मुलांनो? तुमच्याही आहे. घरी जाऊन बघा.

"मशीन उपयोगाचं आहे," आप्पा सावकाश म्हणाले. "ज्याला जे पेलेल ते त्यानं न्यावं."

ज्यांना पेलत होतं त्यांनी हंडे नेले. ससेबाईच्या वाट्याला पळी आली. आप्पांनी जाता जाता पितळी घागर काखेत मारली.

खवलोजीनं घागरीची वाकडी मान पाहिली आणि ती सरूबाईचीच, हे ओळखलं. सरूबाई त्याच्याकडं बघत होती. एक शब्द बोलला असता तर घागर राहिली असती आणि मशीन गेलं असतं.

"आप्पा," तो म्हणाला, "जरा जपून न्या, निसटेल."

दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली. कोल्हा देवळातली समई घेऊन आला, देणाऱ्याचं नाव खटकतं म्हणाला. आप्पा एक दगड लोटत आले. त्याच्यावर ससेबाईचं नाव होतं. दगड ससेबाईच्या शेताच्या बांधावरचा होता.

खवलोजीनं फडकं बांधलं. फडकं बांधलं की बोलता येत नाही, ही त्याची मोठी सोय झाली.

तेवढ्यात सरूबाई प्लॅस्टिकची कळशी घेऊन नदीवरून आली.

"का हो वहिनी, घागर कुठंय?" आप्पांनी आपुलकीनं विचारलं.

"आमची कसली घागर," सरूबाई म्हणाली. "असती तर नाव नसतं का?"

आणि तिनं पाणी आत नेलं. खवलोजीनं बटण दाबलं.

तात्पर्य: स्वच्छतेची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. त्यानंतर गावाचं कुणीही काहीही साफ केलं, तरी आपल्याला बोलायला तोंड उरत नाही, आणि धंदा शांतपणे चालतो.