बॅटऱ्यांना जेवू घालणारे शिवप्पाकाका

सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेत पाहुण्याला बसायला पाट देतात. शेजारच्या शिवप्पाकाकांनी तो बॅटऱ्यांना दिला होता. ओसरीच्या सावलीत दोन पाट, पाटांवर गाडीच्या दोन बॅटऱ्या आणि समोर खुर्ची टाकून स्वतः काका. चार्जिंग चालू असलं की आसपास कुणी बिडी तर सोडाच, उदबत्तीही लावायची नाही. "ग्यास सुटतो त्यातनं! देव थांबतील की जरा," असं ते कुंपणावरून ओरडत आणि आमच्या घरातली आरती खोळंबे.

काकांचं चादरींचं दुकान होतं. ते बंद केल्यावर त्यांनी माल वाहायच्या व्हॅनमध्ये सुताराकडून पलंग आणि छोटा ओटा करून घेतला, पंखा-दिवे बसवले. एक बॅटरी इंजिनची, दुसरी पंख्या-दिव्यांची. त्या चालत्या घरातून काका-काकू बदामीपासून कोकणापर्यंत हिंडून आले.

मग काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. ते पुण्याला झालं आणि काकू तिथंच लेकीकडे राहिल्या. काकाही सोबत होते, पण ते सारखं "दुखतंय का? आता दुखतंय का?" विचारायचे. शेवटी काकूंनीच "नडी, नडी!" असं कानडीत हाकलून त्यांना सोलापूरला पिटाळलं.

तेव्हापासून व्हॅन दारात उभी, आणि काकांची सगळी काळजी बॅटऱ्यांवर.

"मास्तर, गाडी झोपेत बी थोडं थोडं पीत असती," ते मला समजावत. "म्हणून निगेटिव्हची वायर आधी काढायची. पोटभर चार्ज करायचं, डिस्टिल्ड वॉटर बघायचं, उन्हात ठेवायचं न्हाय. आन् महिन्या-महिन्याला परत जेवू घालायचं. उपाशी झोपवली की उठत न्हाय ती."

काकू पुन्हा नीट चालतील का, प्रवास कधी करतील, डॉक्टर काहीच ठाम सांगत नव्हते. लेकीचा फोन झाला की काका मल्टीमीटर घेऊन बॅटऱ्यांपुढे बसत. गल्लीतल्या कुणीतरी एकदा म्हटलं, "काका, विकून टाका की व्हॅन. आता कोण फिरणार?" त्या माणसाशी काकांनी बोलणंच सोडलं.

एका सकाळी काका उलटा शर्ट घालून माझ्या दारात उभे. "डॉक्टर सोडतायत तिला! चालतीया, पण एवढ्या लांब बसून यायचं न्हाय, आडवं पडूनच यायचं म्हणे. चला मास्तर, सोबत या."

बॅटऱ्या जागेवर बसवल्या, वायरी आवळल्या. काकांनी किल्ली फिरवली. इतके महिने उभी असलेली गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. "सुरू होणारच की," काका म्हणाले.

पुण्यापर्यंत ते अखंड बोलत होते. काकू काठी टेकत, लेकीच्या आधारानं, पण स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. व्हॅनकडे बघून म्हणाल्या, "ही एवढी चकचकीत ठेवलीय. घर कधी झाडलं होतं का?" आम्ही त्यांना पलंगावर निजवलं, पंखा लावला आणि निघालो.

परतीच्या वाटेवर मात्र काका गप्प. मोहोळ मागं पडलं, तशी त्यांनी गाडी एका लिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं काका? बॅटरी?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मागं पंखा फिरत होता, आणि त्याच्याहून वरचढ आवाजात काकू घोरत होत्या. चांगल्या निवांत, खणखणीत.

"ऐकलं का?" काका हळूच म्हणाले. "लई दिवस घरात आवाजच न्हवता हो कसला. इंजिनात नीट ऐकू येईना, म्हणून बंद केलं. जरा थांबलं तर चालंल न्हवं तुमाला?"

"बसू की," मी म्हटलं.

काकांनी डोळे मिटले आणि मान मागं टेकवली.