मुका सिनेमा आणि वच्छलाबाईंचे कान

अंजनाने मुका सिनेमा निवडला तो केवळ सासूच्या कानांना भिऊन.

लग्नाची हळद उतरली तरी शिरपूरच्या त्या इवल्याशा घरात नवऱ्याशी चार शब्द एकांतात बोलायला मिळाले नव्हते. (रात्री मिळाले असते, पण धम्मरत्न उशीला डोकं लागताच घोरायचा.) म्हणून रविवारी दुपारी, वच्छलाबाई अंगणात डाळ वाळवत असताना, तिने दार लोटलं आणि मोबाइलवर सिनेमा लावला. जुनापुराणा, काळा-पांढरा, एका नामांकित विलायती भयकादंबरीवरून काढलेला. उगाच धोका नको म्हणून मागचं संगीतही बंद केलं. भीतीने नवरा जरा जवळ सरकेल, एवढीच बिचारीची आशा.

रक्तपिपासू सरदार शवपेटीतून उठला. धम्मरत्न बोटभर सरकला. आणि दार उघडलं!

घात केला तो शांततेनेच. या घरात टीव्ही दिवसभर कोकलत असायचा. आवाज नाही म्हणजे भांडण, हे वच्छलाबाईंचं पक्कं मत. समेटासाठी त्यांनी शेजारच्या रत्नमालाकाकूंनाही ओढून आणलं होतं. (काकू गावच्या आशाताई, म्हणजे घरोघरी गोळ्या वाटणाऱ्या आरोग्यसेविका. त्यांना कुठल्याच घरात मज्जाव नाही.)

"काहून वं अंजना, काय बोलला हा तुले?"

"काई नाई आई. सिनेमा पाहून राह्यलो."

"आवाज तं नाई!"

"मुका हाय."

"बापा! सारेच मुके?"

दोघी पलंगावर बसल्या. बरोबर मधोमध. पडद्यावर पांढराफटक सरदार नायिकेच्या खिडकीशी उभा होता.

"केवढा वाडा हाय वं त्याचा! अन् सासूही दिसत नाई. पोरीनं हो म्हनाव," वच्छलाबाईंनी निकाल दिला.

"रंग पाहा ना त्याचा," काकू म्हणाल्या. "आंगात रगत नाई. लोहाच्या गोळ्या पायजे त्याले."

सरदाराने नायिकेच्या मानेत दात रुतवले.

"घ्या! नाई खाल्ल्या ना गोळ्या!"

अंजनाला हसावं की रडावं कळेना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चांगला घट्ट बिलगला होता. आईला.

"आई," त्याचा आवाज चिरकला, "आजपासून तू आमच्याच खोलीत झोप."

वच्छलाबाई विरघळल्या. "झोपीन ना बापा. अंजना, माही गादी मधात टाकजो."

काकू उठल्या. नव्या जोडप्यांना द्यायचं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट त्यांनी पिशवीतून काढलं होतं. मधल्या गादीच्या जागेकडे एकदा पाहिलं, आणि ते पुन्हा आत टाकलं.

"राहू दे बाई. तुमाले कायले लागते?"