परत न आलेले पंखे

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण चित्त इकडे असू द्या. एका सत्पुरुषाची कथा सांगतो. जे जे गेलं ते ते परत यावं, ही सृष्टीची रीत आहे. सूर्य जातो, परत येतो. वाफ वर जाते, पाणी होऊन परत येते. पाहुणे तर येतातच. मात्र टेबलपंखा एकदा विकला की परत येत नाही, ही सृष्टीतली उणीव एका पंख्यांच्या कंपनीच्या लक्षात आली आणि ती दूर करण्यासाठी तिने तीन मजली 'परतागमन विभाग' स्थापन केला.

कल्पना थोर होती, मी मनापासून हात जोडतो. पंखा विकायचा, बिघडला किंवा नकोसा झाला की घरी जाऊन परत आणायचा, उघडायचा, पुसायचा, सुधारायचा आणि दुसऱ्याच्या घरी धाडायचा. कचरा नाही, नासाडी नाही. याला वर्तुळाकार व्यवसाय म्हणतात. (सरळ रेषेत विचार करणाऱ्यांना तेव्हापासून कॅन्टीनमध्ये दाराजवळचं टेबल मिळू लागलं.) परतीच्या अर्जावर सतरा कारणं छापलेली होती. आवाज येतो, वारा येत नाही, वारा फार येतो, पडद्यांना शोभत नाही, सासूबाईंकडे तोंड करूनच थांबतो, वगैरे. सोळावं कारण 'तक्रार नाही, पण नवा हवा' आणि सतरावं 'इतर (भावनिक)'.

आलेले पंखे तळमजल्यावर सुधारले जात. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर तेलकाका बसायचे. तेलाची छोटी बुधली खिशातून कधी सुटली नाही, म्हणून तेलकाका. खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक. सव्वीस वर्षं एकच रीत. पंखा चालू करायचा, डोळे मिटायचे आणि गाणं ऐकावं तसा कान लावायचा. मग पाती सारखी करायची, दांडा फिरतो त्या बुशला दोन थेंब तेल सोडायचं, स्क्रू आवळायचे. शेवटी बुडाखाली पेन्सिलीने तारीख घालायची आणि दवाखान्यातून बरा होऊन निघालेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणायचं, "जा बाबा. पुन्हा इथे दिसू नकोस."

पंखे आज्ञाधारक निघाले. घात झाला तो तिथेच.

वार्षिक अहवालात असं निदर्शनास आलं, की इतर टेबलांवरचा पंखा आयुष्यात सरासरी तीन पूर्णांक एक वेळा परत येतो. (एक पंखा नऊ वेळा आला होता. त्याचा फोटो फ्रेम करून स्वागतकक्षात लावला आहे.) तेलकाकांनी धाडलेल्या एक हजार आठशे सेहेचाळीस पंख्यांपैकी परत आले चार. त्यांतले दोन पत्ता चुकल्यामुळे, एक नवरा-बायकोच्या भांडणामुळे, आणि चौथ्याच्या खोक्यात मांजर व्यायली होती.

वर्तुळ अधिकारी मॅडम स्वतः खाली आल्या.

"काका, तुमचे पंखे जातात कुठे?"

"लोकांच्या घरी, मॅडम."

"मग परत का येत नाहीत?"

"चालतात ना."

मॅडमनी वहीत 'कबुली' असं लिहून घेतलं. "राग मानू नका, पण वर्तुळ म्हणजे जाणं आणि येणं. तुम्ही नुसतं जाणंच करता. तुमच्या टेबलापाशी आपल्या वर्तुळाला भोक पडलंय."

"मग काय करू? स्क्रू ढिला ठेवू?"

"असं मी म्हटलं का?" मॅडम दुखावल्या. "आपल्या धोरणात 'ढिला' हा शब्दच नाही. 'परतीस अनुकूल घट्टपणा' असा आहे."

आजवर सुधारलेल्यांपैकी दहा पंखे महिन्याभरात परत आले पाहिजेत, अन्यथा सदर टेबल बंद करण्यात येईल, असा कागद निघाला. तेलकाकांनी कागदाची घडी करून बुधलीशेजारी खिशात ठेवली. कान लावून पंखा ऐकता येतो, ही विद्या घेऊन या वयात कोणाच्या दारात उभं राहायचं? त्या दुपारी त्यांनी मन घट्ट करून एक स्क्रू उलटा फिरवला. हाताने तो सवयीने पुन्हा सुलटा फिरवला. सात वेळा असं झालं. शेवटी सकाळपेक्षा घट्ट बसला.

"अहो, मग जाऊन मागून आणा की," बायको म्हणाली. "न मागता कोण देतं?"

म्हणून दहा पत्ते घेऊन काका निघाले. पहिलं घर एका निवृत्त शिक्षिकेचं.

"बाई, तुमचा पंखा परत हवाय."

"का हो? काही दोष निघाला?"

"नाही."

"मग?"

"तीच तर पंचाईत आहे."

बाईंनी पंखा लावून दाखवला. अकरा वर्षं झाली, कुरकुर म्हणून नाही. काकांनी डोळे मिटले, कान लावला. "जाळी किंचित थरथरतेय," ते म्हणाले आणि बुधली कधी बाहेर आली ते त्यांनाही कळलं नाही. पंधरा मिनिटांनी हात पुसत ते म्हणाले, "आता अजून बारा वर्षं बघायला नको." आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

दहाही घरी हेच. सहाव्या घरी तर शेजारीपाजारी आपापले पंखे घेऊन जिन्यात रांगेने उभे राहिले आणि काकांना नाही म्हणवेना. महिनाअखेरीचा निष्कर्ष असा: परत आलेले पंखे शून्य, जागच्या जागी बरे झालेले सत्तेचाळीस, वर्तुळातून कायमच्या निसटलेल्या गल्ल्या चार.

कंपनीने त्यांना काढून टाकलं नाही, गैरसमज नको. काढून टाकणं ही सरळ रेषेतली जुनी पद्धत झाली. कंपनीने त्यांचं परतागमन केलं. रीतसर तपासणी झाली: कान उत्तम, हात स्थिर, नियत साफ. शर्टाला चिठ्ठी अडकवली, टेम्पोत बसवलं आणि घरपोच केलं. दारात बायकोपुढे सहीसाठी कागद आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'दोष आढळला नाही.'

"ते मला छत्तीस वर्षं ठाऊक आहे," ती म्हणाली आणि सही केली. "पण आता परत न्यायला येऊ नका हं. मी ठेवून घेतलेत."

टेम्पोवाला घुटमळला. हळूच म्हणाला, "काका, घरचा पंखा फार आवाज करतो हो. रविवारी घेऊन येऊ?"

"आण की," काका म्हणाले. बुधली खिशातच होती.

तर मंडळी, मघापासून तुमच्या डोक्याशी जो पंखा मुकाट फिरतोय, तो बंद करून जरा उलटा करा. बुडाखाली पेन्सिलीने तारीख असेल. आणि तुमच्या टेबलावर जो अर्ज भरून ठेवलाय, तोही येताना माझ्या नजरेस पडला. सोळाव्या कारणापुढे खूण आहे. असू दे, लाजू नका. वर्तुळ चालायचं तर कोणीतरी कंटाळायलाच हवं. फक्त दारात तो पंखा टेम्पोवाल्याच्या हाती देताना घटकाभर तेलकाकांची आठवण काढा. त्यांनी त्याला परत येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि तो बिचारा आजवर ऐकत होता.