शेजघराच्या भिंतीस नक्षीपट्टी बसविली त्याची हकीकत

श्री. आधीं वंदन त्या चार भिंतींस, ज्यांच्या भरंवशावर माणूस निर्धास्त निजतें. मग श्रोतयांस दंडवत. शके सतराशें चौदा, परिधावी नाम संवत्सरीं, वैशाख शुद्ध पक्षीं, डोंगराआडच्या एका लहानशा दौलतींत जें वर्तमान घडलें तें ऐसें.

दौलतीवर दोन सालें पर्जन्य रुसला होता, आणि महाराजांनीं धान्याचीं कोठारें रयतेस मोकळीं केलीं, आणि भंडारा रिता जाला, आणि नेमकें त्याच सालीं युवराज सुभानराव यांचें लग्न एका गडगंज दौलतीच्या राजकन्येशीं ठरलें. कन्येचें नांव लाडूबाई. महाराज वऱ्हाड घेऊन परमुलखीं निघाले, दासदासी बरोबर गेल्या, आणि राणी दर्याबाई आईसाहेब घर सजविण्यास मागें राहिल्या. मग त्यांनीं सुनेसाठीं नेमिलेलें शेजघर उघडिलें आणि त्यांचें तोंड उतरलें. भिंती कोऱ्या, वखारीच्या असाव्या तैशा. कन्येच्या माहेरीं तर भिंतींस चंदनी नक्षी आणि तीवर सोन्याचा मुलामा, ऐसें ऐकिवांत होतें. "पोर पहिलेच दिवशीं म्हणेल, कोठें येऊन पडलें मी," ऐसें मनांत येऊन आईसाहेबांस अन्न गोड लागेना.

मग त्यांनीं तुळाजी सुतारास पाचारिलें आणि बोलिल्या, "तुळाजी, नक्षी पाहिजे आणि भंडाऱ्यास हात लावणें नाहीं. काय करशील?" तुळाजीनें भिंतीवर हात फिरविला, डोकें खाजविलें आणि अर्ज केला, "आईसाहेब, बारीक पट्ट्या काढतों, सरसानें भिंतीवर त्यांच्या चौकटी चिकटवितों, आणि भिंतीस व पट्टीस एकच रंग देतों. मग कोरलें कीं चिकटविलें, कोणास कळतें?" "आणि लांकूड?" "दारूगोळ्याच्या रित्या पेट्या पडल्या आहेत कीं. लढाई कोठें होते आहे?" आईसाहेब पुष्कळ दिवसांनीं हांसल्या आणि म्हणाल्या, "फोड पेट्या!"

मग पेट्या फोडिल्या, फळ्या चिरल्या, रंधा मारून पट्ट्या गुळगुळीत केल्या, आणि हाताखालीं माणूस नाहीं म्हणून आईसाहेबांनीं स्वतः पदर खोंचिला, आणि शिडीवर चढून ओळंबा धरिला, आणि सरस ढवळिला, आणि फटींत चुना भरिला. सात दिवसांत तीन भिंती ऐशा सजल्या कीं आईसाहेब दारांत उभ्या राहून पुन्हा पुन्हा पाहत. आठवे दिवशीं मात्र चौथ्या भिंतीस घात जाला. पट्ट्यांचीं टोंकें तिरपीं कापून कोपऱ्यांत जुळवावयाचीं, तीं तुळाजीनें घाईंत उलटीं कापिलीं, आणि चारी कोपऱ्यांस भगदाडें दिसों लागलीं, आणि लांकूड सरलें. तुळाजी मटकन खालीं बसला. आईसाहेब शिडीवर एक पट्टी धरून तैशाच उभ्या, तोंडास चुना, डोळ्यांत पाणी.

इतक्यांत दारांत पावलें वाजलीं. लग्न लागून परतलेलें वऱ्हाड नदीकांठीं गृहप्रवेशाच्या मुहूर्ताची वाट पाहत उतरलें होतें, आणि ऊन्ह सोसेना म्हणून नव्या नवरीस मागील दारानें विसाव्यास आणिलें होतें. ती आपली खोली पाहण्यास एकटीच आली. हातांत हिरवा चुडा, तळव्यास मेंदी. आईसाहेबांनीं ओळखिलें आणि त्यांच्या पायांखालची शिडी जणों हालली. नवरीनें मात्र कोण्या सुतारणीस पाहावें तैसें त्यांजकडे पाहिलें आणि म्हणाली, "मावशी, डावें टोंक खालीं आलें. थांबा, मी धरतें." आणि धरिलें देखील. आईसाहेबांनीं भीत भीत विचारिलें, "बाईसाहेबांच्या माहेरीं सोन्याच्या भिंती असतील?" "होत्या कीं. पण मुलामा झडेल म्हणून टेकूं देत नसत. लहानपणीं एकदां टेकलें, तर चार दिवस कोणी बोललें नाहीं माझ्याशीं." मग कोपरे निरखून ती म्हणाली, "हे जुळत नाहींत तर जुळवितां कशास? कोपऱ्यांत एकेक फूल बसवा आणि पट्टी त्यास सरळ भिडवा." तुळाजी उडी मारून उठला. "जुन्या पलंगाचे कांतलेले खूर आहेत! चकत्या काढिल्या कीं फुलेंच!" ऐसें म्हणोन धांवला, आणि चकत्या घेऊन आला, आणि काम चालूं जालें.

मग नवरीनें हळूच विचारिलें, "मावशी, इथल्या आईसाहेब फार कडक आहेत का हो?" तुळाजीस ठसका लागला. आईसाहेब म्हणाल्या, "कडक आहेत. पण आठ दिवस तुमच्या धास्तीनें जेवल्या नाहींत." "माझ्या धास्तीनें? अहो, मीच वाटेनें रडत आलें!"

शेवटची पट्टी दोघींनीं दोन टोंकांस दाबिली, तोंच दिवाण त्र्यंबकपंत आंत आले आणि लवून म्हणाले, "आईसाहेब, मुहूर्त..." मावशी ती कोण, तें नवरीस उमजलें. ती पायां पडूं पाहते, तों आईसाहेब ओरडल्या, "सूनबाई, हात सोडूं नका! सरस धरला नाहीं अजून!" सासूची पहिली आज्ञा ती हीच. मग दोघी भिंतीस हात लावून उभ्या, आणि आधीं सूनबाईस हंसूं फुटलें, मग सासूबाईस, आणि पट्टी थरथरूं लागली, आणि तुळाजी मानमरातब विसरून गरजला, "हालूं नका दोघी!" पंत खांब धरून हंसले. सरस वाळल्यावर सूनबाई पायां पडली, आणि आईसाहेबांनीं तीस पोटाशीं धरिलें, तों शालूवर चुन्याचे दोन पंजे उमटले. त्याच शालूनें नवरीचा गृहप्रवेश जाला; बदलूं म्हटलें तर ती ऐकेना.

येणेंप्रमाणें चार भिंतींची मोहीम आठवे दिवशीं फत्ते जाली. शेवटची पट्टी बोटभर वांकडी बसली. तुळाजी सरळ करीन म्हणाला, त्यास दोघींनीं मिळून मनाई केली. सासूसुनेचा एकमतानें निघालेला हा पहिला हुकूम, म्हणोन येथें लिहून ठेविला.