लालासाहेब धूसर आले

"आजपासून कवठे महांकाळात धूसर फोटो बंद!" असं कृष्णातनं आपल्या स्टुडिओच्या काचेवर ऑइलपेंटनं लिहून घेतलं, तेव्हा १९९६ सालचा फेब्रुवारी चालू होता. कारण काय, तर ऑटोफोकस कॅमेरा! तालुक्यातला पहिला! जुनी स्कूटर विकून मुंबईहून आणलेला. आपण नुसतं बटण अर्धं दाबायचं, लेन्स आपोआप फिरते, 'टिट्' असा आवाज येतो, की झाला फोकस! फोटोग्राफरनं फक्त मिशीवरून हात फिरवायचा.

"डोळं मिटून काढला तरी क्लिअर!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. कॅमेऱ्यानं ते फारच मनावर घेतलं.

पहिल्या लग्नाचा रोल धुऊन आला आणि कृष्णातची मिशी खाली आली. नवरदेवाचं नाक धूसर, कान मात्र लख्ख! नवरी धुक्यात, आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या करवलीच्या टिकलीवरची नक्षीसुद्धा दिसतेय! दुसऱ्या लग्नातही तेच. ज्याच्यावर नेम धरावा त्याला सोडून कॅमेरा मागच्याला पकडत होता. आणि टिट् मात्र न चुकता वाजत होतं.

मग तो गुपचूप सांगलीला गेला. विश्रामबागेत सिद्धू मेस्त्रीचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. यंत्रांना तेल घालता घालता जिभेला घालायचं राहून गेलेला.

"लेन्सचं आन् बॉडीचं जुळंना झालंय," मेस्त्री म्हणाला. "फोकस मागं पडतोय. लेन्स खोलून आतल्या चकत्या बदलाव्या लागतील. पण किती मागं पडतोय ते कळाय पायजे. सात विटा घे. तिरप्या वळीत मांड, हात-हात अंतरावर. मधल्या विटेवर टिट् वाजीव आन् दहा फोटो काढून आण. कुठली वीट क्लिअर येती ते बघू."

"विटा कशाला मेस्त्री? मी काय विटांच्या लग्नाचं फोटू काढतो व्हय?"

"विटा गप बसत्यात म्हणून! माणूस हलतंय, बोलतंय, रुसतंय."

कृष्णातनं हे शेवटचं वाक्य नीट ऐकलं असतं तर क्रांतीचं लग्न झालं असतं.

क्रांती ही त्याची धाकटी बहीण. बी.ए. झालेली. चार ठिकाणांहून नकार आलेले. एकाला उंची कमी वाटली, दोघांना रंग, आणि चौथ्यानं विचारलं, "भाऊ फोटो काढतो ते कळलं, पण करतो काय?" पाचवं स्थळ सातारा जिल्ह्यातलं, रहिमतपूरचं. मुलगा पृथ्वीराज, मिलिटरीत, जम्मूला. हा मुलगा तिला आवडला होता. आवडला म्हणजे, बघायला आला तेव्हा चहाचा रिकामा कप त्यानं स्वतः उचलून आत नेऊन ठेवला, आणि ही गोष्ट तिनं आईला तीनदा सांगितली. मे महिन्यात तो सुट्टीवर आला की लग्न! त्याआधी सुपारी फोडायला त्याचे वडील लालासाहेब येणार होते आणि सोबत त्यांचे धाकटे भाऊ नानासो.

हे दोघे सख्खे भाऊ शेताच्या बांधापायी सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बांध केवढा? त्यावर माणूस आडवा झोपला तर पाय दुसऱ्याच्या उसात जातील एवढा! पोराच्या लग्नासाठी म्हणून एका जीपमधून आले, तेही एक पुढच्या सीटवर आणि एक पार मागं.

सुपारी फुटली. पेढे झाले. अंगणात सात मोठी माणसं उभी, वर झकास ऊन, आणि कॅमेरा गळ्यात! कृष्णातला एकदम सुचलं. सात माणसं आयती हजर असताना विटा कोण वाहणार?

आता "मशीनची जरा टेस्ट घेतोय" असं सरळ सांगितलं असतं तर सगळे हसत उभे राहिले असते. पण ज्यानं काचेवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय, तो पाहुण्यांना कसं सांगणार की मशीन बिघडलंय! मला विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा ते ऑइलपेंटच जास्त नडलं.

"मामा, खास तुमच्या मानाचा फोटू काढतो!" तो लालासाहेबांना म्हणाला. "तिरपी वळ करा. तुमी बराबर मधी. सगळा नेम तुमच्यावर!"

लालासाहेबांनी फेटा सारखा केला. "आन् त्यो नानासो कुठं?"

"ते तुमच्या फुडं..."

"फुडं? धाकटा हाय त्यो! माझ्या मागं उभा ऱ्हाईल!"

"ऱ्हातो की. आमाला कुठंबी चालतंय," नानासो चिंचेच्या झाडाकडं बघत म्हणाले आणि भावाच्या मागं जाऊन उभे राहिले.

टिट्! टिट्! दहा वेळा टिट्! लालासाहेब दहाही वेळा श्वास रोखून उभे होते.

रोल सांगलीत धुतला. दहाच्या दहा फोटोंत लालासाहेबांचा फेटा कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आणि नानासो! मिशीचा केस न् केस! सदऱ्याच्या खिशातल्या पेनाचं टोपणसुद्धा!

मेस्त्री भलताच खूश झाला. "असली टेस्ट मी तीस वर्षांत बघितली न्हाई! बराब्बर एक हात मागं. ठेवून जा कॅमेरा. आठ दिसांत देतो."

फोटोंचं काम संपलं होतं. ते फाडून टाकायचे, तर कृष्णातनं ड्रॉवरमध्ये ठेवले. चौथ्या दिवशी नानासो द्राक्षं बघायला म्हणून कवठ्याला आले आणि सहज स्टुडिओत डोकावले.

"आमचा फोटू कसा आला रं?"

कृष्णातनं दाखवला. नानासोंचे डोळे भरून आले. "गड्या, जल्मात असा फोटू निघाला न्हवता माझा! मोठा करून दे की!"

दोन लग्नांनंतर कृष्णातच्या वाट्याला नुसत्या शिव्या आल्या होत्या. ही पहिली शाबासकी! तो विरघळला. फोटो हातभर मोठा करून घेतला, सोनेरी फ्रेम बसवली आणि वर म्हणाला, "आमच्याकडनं भेट समजा, काका!"

काकांनी ती भेट आपल्या सोप्यात, दर्शनी भिंतीवर लावली. समोरच लालासाहेबांचं दार. येईल त्याला नानासो सांगू लागले, "पाव्हण्यांनी बराबर माणूस वळीखला बघा. फुडच्याला कसा पुसून टाकलाय!"

आठवड्याच्या आत लालासाहेबांचा निरोप आला. तो निरोप्यानं क्रांतीच्या वडिलांना, आण्णांना, सगळ्या घरादेखत ऐकवला. "मानाचा फोटू म्हणून मला उन्हात उभा केला आन् दहादा पुसला. तुमची सोयरीक नानासोशी दिसती. त्याच्याच घरात पोरगी द्या."

क्रांती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं उलटलीच नाही.

"घाबरू नगं," कृष्णात तिला म्हणाला. "मशीनच मागचं धरतंय! मामांच्या डोळ्यांदेखत काढून दावतो, की मिटलं!"

तो धावत सांगलीला गेला. मेस्त्री पिवळ्या फडक्यानं कॅमेरा पुसत बसला होता. "झालं बघ! आता केसाचा फरक न्हाई!"

"मेस्त्री, बिघडवा!"

"आं?"

"परत हुतं तसं करा. एक हात मागं. तुमच्या पाया पडतो!"

मेस्त्रीनं चष्मा काढला. "हिरीत पडल्यालं कॅमेरं आलं माझ्याकडं, उंदरानं खाल्ल्यालं आलं. बिघडवून द्या म्हणणारा तू पयला! आरं, त्या चकत्या मी हातानं घासून बसवल्यात. ऊठ हितनं!"

शेवटी तोच दुरुस्त कॅमेरा घेऊन कृष्णात आणि आण्णा रहिमतपूरला गेले.

"मामा, तवा मशीन बिघडलं हुतं. तुमची शप्पत!"

"आन् आता?"

"आता नीट झालंय."

"कवा?"

"परवा."

"लय बराबर जमलं की!" लालासाहेब हसले. "आन् बिघडल्याल्या मशीननं माझा मान करत हुतास व्हय?"

कृष्णात गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करू लागला.

"काढ," लालासाहेब उभे राहिले. "आत्ता काढ. माझ्या मागं हा गडी उभा करतो. बघू तुझं मशीन कुणाला धरतंय ते."

टिट्! जीप रोल घेऊन साताऱ्याला गेली आणि संध्याकाळी फोटो घेऊन आली. तोवर आण्णांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. फोटोत मागचा गडी धुक्यात होता आणि लालासाहेब असे लख्ख, की कपाळावरची रागानं फुगलेली शीरसुद्धा दिसावी! मेस्त्रीनं खरंच मन लावून काम केलं होतं.

लालासाहेबांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. आवडला त्यांना! खिशातच ठेवून घेतला. मग म्हणाले, "मशीन नीट हाय, आण्णा. तुमच्या पोराच्या मनात आसंल तवा बराबर येतंय. आमची सुपारी मोडली."

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. साठ वर्षांत त्यांनी ती कुणापुढं काढली नव्हती. "माझ्या पोरीचा काय दोष हाय ह्यात?" एवढंच त्यांनी विचारलं. लालासाहेब आत निघून गेले.  परतीच्या एस.टी.त कवठ्यापर्यंत कॅमेरा आण्णांच्या आणि कृष्णातच्या मधल्या जागेवर होता.

मे महिन्यात जम्मूहून क्रांतीला एक पत्र आलं. चारच ओळी. वडिलांच्या शब्दापुढं जाता येत नाही, माफ करा. बांधावरून सहा वर्षं भांडणाऱ्या घरात शब्दाला एवढा मान!

जूनमध्ये सहावं स्थळ आलं. त्यांना आधी मुलीचा फोटो हवा होता. क्रांती स्टुडिओतल्या स्टुलावर येऊन बसली. कृष्णातनं नेम धरला, टिट् वाजलं, फोटो निघाला. असा क्लिअर फोटो त्याच्या स्टुडिओत आजवर निघाला नव्हता. पापणीचा केस न् केस मोजता येत होता, आणि रडून रडून सुजलेल्या दोन्ही पापण्यासुद्धा.

"पावडर लावून परत बसतीस का?" तो खालच्या आवाजात म्हणाला.

क्रांतीनं फोटो हातात घेतला, पाहिला आणि परत दिला.

"दादा, मेस्त्रीकडं त्या जुन्या चकत्या हायत का बघ. स्थळाला दावायला त्याच बऱ्या."

दुसऱ्या दिवशी कृष्णात खरंच सांगलीला जाऊन आला. मेस्त्रीनं त्या कधीच फेकून दिल्या होत्या.