आक्काच्या टोपातलं जपान

आमची शेजारीण जना आक्का फक्त श्रावणात भाजी खाते, तीही देवावर उपकार केल्यासारखी. तीच बाई हल्ली दर रविवारी, सगळ्या चौल गावात मासळीचं कालवण रटरटत असताना, टोपात मुळा, गाजर आणि अळवाच्या अळकुड्या उकळत बसते. त्याला जपानी सूप म्हणायचं. रस्सा म्हटलं की तिला राग येतो.

तिची मुलगी सुनीता जपानात एका वृद्धाश्रमात कामाला आहे. ती तिकडे गेल्यापासून जपान आक्काच्या मालकीचं झालं. "आमच्या जपानात मिरची न्हाय घालत," असं ती मला सुनावते. स्वतः पनवेलच्या पुढे गेलेली नाही, आणि पनवेललाही दाढ काढायला गेली होती.

कृती सुनीता फोनवर सांगते. भाज्या तिळाच्या तेलावर परतायच्या, समुद्रातलं सुकं गवत भिजवून ते पाणी ओतायचं, शेवटी मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा विरघळवायचा. गवताचं ऐकून आक्का ओहोटीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेली आणि खडकावरचं शेवाळ खरवडून घेऊन आली. दारात समुद्र असताना विकत कशाला घ्यायचं? त्या दिवशी आळीतली मांजरंसुद्धा लांब जाऊन बसली. मग सुनीताने खरं गवत आणि मिसो पार्सलने पाठवलं. मिसोचा डबा आक्काने फ्रिजात सुक्या बोंबलांशेजारी ठेवला. दोघांपैकी कोणी तक्रार केली नाही.

सूप झालं की ती फोनसमोर वाटी धरून विचारते, "तिथल्यासारखं झालंय का गो?" सुनीता बिचारी फोनमधून चव कशी सांगणार? मग ती वाटी कुंपणावरून माझ्याकडे येते. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे आक्काला पक्कं ठाऊक. मी चांगलं झालंय म्हणते. "तुला काय कळतंय," असं म्हणून ती पुढच्या रविवारी पुन्हा मुळा चिरायला घेते. एकदा मी धीर करून विचारलं, तुला आवडत नाही तर करतेस कशाला? त्यावर मला आणखी एक वाटी मिळाली.

गणपती गेल्यावर आक्का तापाने पडली. रविवारी तिच्या घरी जाऊन मीच सूप केलं. ती पलंगावरून हुकूम सोडत होती, अळकुडी जाड झाली, गाजर कच्चं राहिलं. वाटी पुढे ठेवली तर चमचा तिच्या हातात ठरेना, आणि माझ्याकडे द्यायलाही ती तयार नाही.

"सुनी तिथं एका म्हातारीला रोज ह्येच भरवते," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या हातचं कसं लागतं, त्या बाईला ठावं. मला न्हाय."

मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत तिने एकही चूक काढली नाही.