खडूचं दार

सूनबाईनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर फिरवून सासऱ्यांपुढे धरला. "बाबा, बघा ना. काही चुकलंय का?"

बाबांनी चष्मा पुसला. तो मुळात स्वच्छच होता, पण कुणी मत विचारलं की त्यांना आधी चष्मा पुसावा लागे. जन्मभर त्यांनी कारखान्यांचे नकाशे काढले होते, बिस्किटांच्या, साबणाच्या, सुताच्या. इमारतीत सगळे त्यांना नकाशेकाकाच म्हणत. पण ते नकाशे मोठ्या फळीवरचे, पेन्सिलीनं काढलेले. हा पडद्यावरचा होता आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या कारखान्याचा होता. तिथे एक जंतूसुद्धा आत जाता कामा नये.

"हे बघा," सूनबाई सांगू लागली, "इथे चपला काढायच्या. इथे हात धुवायचे, इथे अंगरखा आणि टोपी. मग ही छोटी खोली, एअरलॉक. तिला दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडतच नाही, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. आणि पलीकडे थेंब भरायची खोली."

"छान आहे," बाबा म्हणाले. मग टेबलाकडेच बघत, "म्हणजे मला यातलं फारसं कळत नाही... पण एकदा यातून चालून बघूया का?"

"चालून?"

"खडूनं. जमिनीवर."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "झालं! आता माझी फरशी गेली!"

आवाजात राग होता, पण अगदीच रागही नव्हता. लग्न झालं तेव्हा दोघांना मिळून एकच खोली होती. बाबांनी पहिल्याच रविवारी तिच्या फरशीवर खडूनं घर आखलं होतं. इकडे स्वयंपाकघर, तिकडे बैठक, कोपऱ्यात पुस्तकांची खोली, प्रत्येकीला दार. सासूबाई तेव्हा खूप हसल्या होत्या. पण भांडण झालं की त्या खडूच्या स्वयंपाकघरात जात, नसलेलं दार टाचेनं ढकलून लावून घेत आणि बाबांना बाहेर उभं राहून हवेत टकटक करावी लागे. रेषा ओलांडून सरळ आत जावं, हे त्यांना कधी सुचलं नाही. पुढे खऱ्या भिंतींचं घर झालं आणि खडूचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला.

तो डबा आता खाली आला. उद्या कारखानदार ऑफिसात नकाशा बघायला येणार होता. सूनबाईच्या नावावरचं हे पहिलंच काम. याआधीच्या सल्लागारांना त्यानं चहाही न पाजता वाटेला लावलं होतं. हे काम हातचं गेलं, तर सूनबाई पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशांवर खोल्यांची नावं टाइप करत बसणार होती. नवरा परगावी होता, त्यामुळे धीर द्यायलाही कुणी नव्हतं. ती म्हणाली, "चला बाबा, आखा."

बाबांनी गुडघे टेकून बैठकीच्या खोलीत रेषा मारल्या. चपलांची जागा, हात धुण्याची जागा, अंगरख्याची खोली. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, दोन्ही टोकांना दारं असलेला. त्याचा एअरलॉक झाला. एक दार बैठकीत उघडे, दुसरं स्वयंपाकघरात. बाबांनी दोन्ही दारांच्या कड्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली, अशी मापात की एक दार पुरतं उघडलं की दुसरं जागचं हलू नये.

"आहे की नाही डोकं!" शेजारचे कंडक्टर दारातून म्हणाले. ते सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गर्दी दिसली की त्यांना राहवत नसे. "नकाशेकाका, दारावर कोण आहे? दारावर माणूस लागतो."

"तुम्हीच थांबा ना भाऊजी," सासूबाई म्हणाल्या.

"मग एक सांगून ठेवतो. आतलं माणूस बाहेर आल्याशिवाय मी दार सोडणार नाही. उभ्या आयुष्यात दारात एकही पॅसेंजर अडकू दिला नाही मी."

सासूबाईंनी चहासाठी दूध मंद गॅसवर ठेवलं आणि त्या कामगार व्हायला बाहेर आल्या. सूनबाईचा फोन वाजला, तशी ती गॅलरीत गेली. बाबा कोपऱ्यातली एक वाकडी रेषा पुसून पुन्हा मारत बसले. आणि तेवढ्यात एक भरदार गृहस्थ उघड्या दारातून आत आले.

सासूबाई सकाळपासून स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी प्लंबरची वाट बघत होत्या.

"या एकदाचे! थांबा, थांबा, तिथेच. चप्पल रेषेच्या अलीकडे."

गृहस्थांनी खाली पाहिलं, रेषा बघितली आणि निमूटपणे बूट काढले.

"हात धुवा त्या बादलीत. कोपरापर्यंत. असे नाही, बोटांच्या मधून. आता हा रेनकोट घाला."

"मला होणार नाही हा."

"पुढून नाही लागला तरी चालेल. आणि ही टोपी." ती सासूबाईंची आंघोळीची प्लास्टिकची टोपी होती, फुलाफुलांची.

गृहस्थांनी टोपी घातली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, उलट कौतुकच होतं. "फार कडक आहे हो तुमच्याकडे."

"मग! आत घाण नेलेली मला चालत नाही. चला."

"आतल्यांना पुढे सरकू द्या!" कंडक्टरनी पुकारा केला, दार उघडलं, दोघं बोळात शिरले, दार बंद झालं.

बाबांनी मान वर केली. "कोण होतं?"

"नवीन कामगार," कंडक्टर म्हणाले. "तब्येतीनं बरा आहे."

इतक्यात गॅलरीचं दार धाडकन उघडलं. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा! त्यांच्या ऑफिसातून फोन होता. कारखानदार आजच गावात आलेत, नकाशा बघायला घरीच निघालेत!" मग तिला दारातले बूट दिसले. भारीपैकी होते. "हे कुणाचे?"

बाबांनी खडूच्या हातानंच बोळाकडे बोट केलं.

"काका, उघडा! आधी दार उघडा! आत साहेब आहेत!"

कंडक्टरनी कडी धरली आणि मागे झुकून ओढली. नेमकं त्याच क्षणी आत सासूबाईंना वास आला.

"अगं बाई, दूध!" म्हणत त्यांनी स्वयंपाकघराचं दार ढकललं.

दोरी ताणली. इकडचं दार वीतभर उघडलं, तिकडचंही वीतभर, आणि दोन्ही तिथेच थांबली.

"भाऊजी, सोडा! दूध उतू जातंय!"

"घाबरू नका वहिनी, मी सोडत नाही!"

"अहो, सोडा म्हणतेय मी!"

"तुम्ही ते दार सोडा, मग हे उघडतं!"

"आणि दूध तुम्ही बघणार?"

फटीतून फुलांची टोपी दिसली. तिच्याखालून आवाज आला, "मॅडम आहेत का बाहेर?"

"आहे सर," सूनबाई म्हणाली.

"कारखान्यात हे असंच झालं, तर आतल्या माणसांनी काय करायचं?"

"बटन आहे ना सर. दाबलं की दोन्ही दारं सुटतात."

"कुठे आहे ते?"

"बाहेरच्या भिंतीवर."

आत दूध फसफसत ओट्यावर आलं.

"बाहेरच्या," टोपी म्हणाली.

सूनबाईनं डोळे मिटले. बाबा "सोडा, सोडा" म्हणत होते, पण त्यांचा आवाज जन्मात कधी नकाशाच्या फळीपलीकडे गेला नव्हता. कंडक्टर आणखीच मागे झुकले. सुनेचा चेहरा बाबांना बघवेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला आणि त्यावर चमचा हाणला. एकदाच. टण्!

कंडक्टरचे दोन्ही हात आपोआप सुटले. बसमध्ये एक घंटा म्हणजे थांबायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

पलीकडचं दार सताड उघडलं आणि आत दोन माणसं, एक पातेलं आणि काही डबे एकदम पडल्याचा आवाज झाला.

दोरी सोडवून सगळे स्वयंपाकघरात पोचले तेव्हा दूध ओट्यावरून ओघळत होतं आणि सासूबाई पाहुण्यांच्या हातात पाना देत होत्या. "जे व्हायचं ते झालं. आता तो नळ तेवढा बघा."

"नळातलं मला काही कळत नाही हो," ते म्हणाले. "मी डोळ्यांचे थेंब बनवतो."

सासूबाईंनी पाना परत घेतला. "मग आधी नाही का सांगायचं? द्या ती माझी टोपी."

"सर, बटन आत हवं होतं," सूनबाई म्हणाली. "मी चुकले."

कारखानदारांनी टोपी काढून दिली. केस सारखे केले. "माझ्या जुन्या कारखान्यातही ते बाहेरच आहे. मीच मंजूर केलाय तो नकाशा." त्यांनी ओघळणाऱ्या दुधाकडे बोट केलं. "मी आजवर नकाशे नुसते बघत आलो. आत अडकलो कधी नव्हतो. उद्या ऑफिसात हे असंच आखाल? पूर्ण. बटन आत घेऊन."

सूनबाईनं बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसायला लागले.

"आणि दारावर हेच काका हवेत," कारखानदार म्हणाले. "यांच्यासमोर टिकलं, तर कुठेही टिकेल."

"ड्युटी किती वाजता?" कंडक्टरनी विचारलं.

सगळे गेल्यावर सूनबाई नकाशा दुरुस्त करायला आत जाऊन बसली. बाबा बैठकीत ओलं फडकं घेऊन उभे होते. पुसायचं होतं, पण पुसवत नव्हतं. सासूबाई ओटा घासून बाहेर आल्या. हातात बिनदुधाचा चहा होता, एकच कप, आणि तोंडावर दूध उतू गेल्याचा सगळा राग होता. बाबांना वाटलं, आता या सरळ रेषांवरून चालत येणार.

त्या रेषेपाशी थांबल्या. वळसा घालून दारापर्यंत गेल्या, अंगरख्याच्या खोलीत शिरल्या, टाचेनं मागचं दार ढकलून लावलं आणि पाठ करून चहा पिऊ लागल्या.

बाबांनी फडकं खाली ठेवलं. दारासमोर जाऊन उभे राहिले. घसा खाकरला आणि हवेत टकटक केली.

"चपला बाहेर," आतून उत्तर आलं.